मागाच्या शेडमधला बॉयबँड: पोरं जमवायची कशी

बेळगावात खासबागला आमचे चार माग. संध्याकाळी खटखट थांबली की फरशी झाडून त्याच शेडमध्ये मी पोरांना कोरियन नाच शिकवतो. अनगोळ, वडगावहून पोरं विचारत येतात, “दादा, आम्हाला पण ग्रुप काढायचाय.” म्हणून एकदाच सांगून टाकतो.

देखणी पोरं हुडकत बसू नका. कोरियाचा बीटीएस ग्रुप बघा. तो काढणारी बिग हिट तेव्हा छोटी गाण्यांची कंपनी. तिच्या बांग शि-ह्योकनं २०१० मध्ये आधी रॅप करणाऱ्या आरएमला धरलं. काढायचा होता हिपहॉपचा ग्रुप. कितीतरी पोरं आली नि गेली, शेवटी सात उरली, तेच बीटीएस. जे-होप ग्वांगजूच्या स्ट्रीट डान्सवाल्यांतला. जिन अॅक्टिंग शिकणारा, रस्त्यात बघून बोलावलेला. सोलमध्ये वाढलेला एकही नाही. माझी परीक्षा एकच: गाणं मध्येच बंद करायचं. थांबून माझ्याकडं बघतो तो अजून महिनाभर मागच्या रांगेत. तोंडानं मोजत नाचत राहतो तो आपला.

व्हिडिओ बघून शिकताना तो आरशासारखा उलटा करून घ्या, नाहीतर डावा हात उजवा होतो. वेग आधी अर्धा. फरशीवर खडूनं एक ते सात आकडे मारा आणि दर आठ मोजणीला कोण कुठल्या आकड्यावर, ते वहीत लिहा. तोंडी सांगितलं की दोघं एकाच आकड्यावर येऊन धडकतात. आमच्याकडं एकाचा दात हलला.

आता बोलायचं कसं. माईक हातात आला की आमची पोरं पुण्याची मराठी बोलायला जातात आणि अडकतात. बीटीएसच्या सप्टेंबर २०१३ च्या अल्बमात ‘पाल्दोगांगसान’ म्हणून गाणं आहे. त्यांच्यातला शुगा ग्योंगसांग भागातल्या बोलीत, जे-होप जोल्ला भागातल्या बोलीत एकमेकांची खेचतात आणि शेवटी काय, तर सगळी कोरियनच! पदार्पणाला तीन महिने झालेत, आणि गावची बोली लपवायची सोडून तिचंच गाणं करतात ही पोरं. ते ऐकल्यापासून आमचा नियम आहे, स्टेजवर ‘काय करूलास रे’ असंच बोलायचं. एक पोरगा घरी कन्नड बोलतो, तो कन्नडमध्येच ओरडतो. गेल्या गणपतीत नाचापेक्षा त्यालाच टाळ्या जास्त पडल्या.

कोणीतरी सोडून जाणार, हे धरूनच चला. जे-होपसुद्धा पदार्पणाआधी एकदा निघाला होता, सोबत्यांच्या भरवशावर परत आला. माझ्या ग्रुपातला चार नंबरवरचा पोरगा शिवजयंतीच्या चित्ररथाआधी आठ दिवस गेला आणि मी रागानं त्याचा नंबरच पुसला. तसं करू नका. चहाला बोलवा.

आणि घाई नको. बीटीएसचं पदार्पण १३ जून २०१३ ला, कोरियन टीव्हीवरच्या गाण्यांच्या कार्यक्रमात पहिला नंबर मे २०१५ मध्ये. मधल्या काळात लॉस एंजेलिसला फुकटचा कार्यक्रम होता, त्याची पत्रकं पोरांनी स्वतः रस्त्यावर वाटली. माणसं आली दोनशेच्या आसपास. तुम्ही पण पहिली तीन मंडळं फुकट नाचा. खरं टेम्पो आणि वडापाव कोण देणार, ते आधीच ठरवून घ्या. आम्ही ठरवलं नव्हतं. रात्री दीडला सात पोरं, एक स्पीकर आणि मी, चालत खासबागला आलो.