देखाव्यातल्या हेल्मेटला पंखे बसवताना

गणेशोत्सवातला सजीव देखावा म्हटला की कुणाच्या तरी डोक्यावर राक्षसाचं तोंड, रोबोटचं डोकं नाहीतर अंतराळवीराचं हेल्मेट चढतंच. कोल्हापूरच्या शिवाजी पेठ, मंगळवार पेठेत एकच देखावा रात्रभरात पुन्हा पुन्हा दाखवायचा असतो. वर हॅलोजन तापलेले आणि हवा भाद्रपदातली, दमट. फोमचं काय किंवा फायबरचं काय, हेल्मेट उष्णता कोंडून धरतं. आतला गडी दहा मिनिटांत निथळायला लागतो आणि काचेवर वाफ धरली की त्याला स्टेजची कडाही दिसत नाही.

पंखा हवा गार करत नाही, नुसती हलवतो. आतली ओली हवा बाहेर गेली तर घाम सुकतो, आणि घाम सुकला तर गार वाटतं. म्हणून पंखे विकत घेण्याआधी हवेची वाट ठरवा: खालून आत, वरून बाहेर. गरम हवा मुळातच वर चढते, तिच्याशी भांडू नका. आत येणारं भोक हनुवटीखाली किंवा मानेमागे, बाहेर जाणारं टाळूच्या मागच्या उतारावर. दोन्ही भोकं जवळजवळ पाडली तर हवा जवळची वाट धरते. पंखा भणभणत राहतो आणि चेहऱ्यापाशी पानही हलत नाही. सगळेच पंखे आत फुंकणारे लावणं ही दुसरी नेहमीची चूक. हवा बाहेर पडायला जागाच नसेल तर ती आत येणार कुठून?

सामान असं लागेल. 40×40×10 मिमीचे 5 व्होल्टचे दोन साधे पंखे, बाहेर ओढायला. 50×15 मिमीचा 5 व्होल्टचा एक ब्लोअर (एका बाजूच्या तोंडातून हवा रेटणारा पंखा), आत फुंकायला; थ्रीडी प्रिंटरचे भाग विकणारे याला ‘5015’ म्हणतात. 10,000 एमएएचची पॉवर बँक, जुनी यूएसबी केबल, छोटा स्विच, डीसी पिन-सॉकेटची जोडी, हीट श्रिंक स्लीव्ह (तापवली की तारेच्या जोडावर आवळून बसणारी नळी), 3 मिमी जाडीचे आठ स्क्रू नटांसह (पंखा, स्पंज आणि हेल्मेटची भिंत यांतून आरपार जाऊन नट बसेल इतके लांब), आणि 10 मिमी जाड स्पंज. भंगारातल्या कॉम्प्युटरचा पंखा फुकट मिळतो खरा, पण तो 12 व्होल्टचा असतो. 5 व्होल्टवर तो रडतखडत फिरतो किंवा फिरतच नाही.

ब्लोअर कशाला, तर साध्या पंख्याला अडथळा सोसत नाही. 40 मिमीचा पंखा मोकळ्यावर मिनिटाला साधारण दीडशे लिटर हवा हलवतो. पुढ्यात कापड किंवा अरुंद नळी आली की ती कुठल्या कुठे घसरते. ब्लोअर हवा रेटून ढकलतो. मिरवणुकीत हेल्मेट घालणार असाल तर हे फार कामाचं आहे, कारण आपल्याकडे मिरवणूक म्हणजे गुलाल. पंखा गुलाल ओढून थेट डोळ्यांत सोडतो. आत येणाऱ्या भोकावर मलमलीचा एकच पदर वेल्क्रोनं लावा आणि मागे ब्लोअर ठेवा. मच्छरदाणीची जाळी कागदाचे कपटे अडवते, गुलाल नाही. मलमल दर तासाला काढून झटकावी लागते.

आता भोकं. 40 मिमीच्या पंख्याला 38 मिमीचं गोल भोक पाडायचं. स्क्रूंच्या भोकांमधलं अंतर 32 मिमी. फोम असेल तर नवीन ब्लेडनं, दोनतीन फेऱ्यांत कापा. एका दमात दाबलंत तर कडा आतून तिरकी जाते. कागदाच्या लगद्याच्या मुखवट्याला कापल्यावर कडेला फेविकॉल चोपडा, नाहीतर घामानं कड फुगून सुटते. फायबरला होल सॉ (ड्रिलला लावायची गोल करवत) लागतो, तोंडाला मास्क बांधून आणि पाण्याचा शिपका मारत. उद्यमनगरातल्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये उभ्या ड्रिलवर हे काम पाच मिनिटांचं आहे. घरी हातानं करून तडा पाडण्यापेक्षा ते बरं.

बहुतेक पंख्यांत ज्या बाजूला स्टिकर आणि आडव्या काड्या असतात त्या बाजूनं हवा बाहेर पडते. टाळूवरच्या दोन्ही पंख्यांचं स्टिकर बाहेरच्या बाजूला हवं. पंखा थेट भिंतीला आवळू नका. मध्ये स्पंजची चौकट ठेवा, नाहीतर अख्खं हेल्मेट ढोलासारखं घुमतं. आतल्या बाजूला जाळी हवीच, केस अडकतात. डोकं आणि पंखा यांत निदान 15 मिमी अंतर ठेवा. टाळूची गादी पंख्याला चिकटली की पंखा असून नसल्यासारखा. नटांवर नेलपॉलिशचा एकेक थेंब टाका, थरथरीनं ढिले होत नाहीत. पंखे ग्लूगननं चिकटवायचा मोह होतो, पण हॅलोजनखाली तो डिंक मऊ पडतो.

ब्लोअरचं तोंड नाकाकडे नको, काचेच्या खालच्या कडेला आतून लावा, म्हणजे हवा काचेवरून वर सरकते आणि वाफ धरत नाही. भांड्याच्या साबणाचा एक थेंब काचेला आतून चोळून कोरड्या फडक्यानं पुसला तर आणखी मदत होते. ब्लोअर कानापासून लांब ठेवा. संवाद रेकॉर्डवर असले तरी आतल्याला आपली खूण ऐकू यायला हवी.

वायरिंग सोपं आहे, पण चुका इथंच होतात. तिन्ही पंखे पॅरलल जोडायचे: सगळ्यांच्या लाल तारा एकत्र, काळ्या एकत्र. एकामागे एक जोडलेत तर व्होल्टेज वाटून जातं. यूएसबी केबल कापल्यावर सहसा लाल आणि काळी तार कामाची, हिरवी-पांढरी सोडून द्यायची; स्वस्त केबलमध्ये रंगांवर विसंबू नका, मल्टिमीटर लावा. हे पंखे उलटे जोडले तर उलटे फिरत नाहीत. फिरतच नाहीत, कधी जळतात. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल कापून काम होणार नाही, त्या पोर्टमधून रेझिस्टरशिवाय वीज येत नाही. पॉवर बँकेचं चपटं जुनं यूएसबी पोर्टच वापरा. स्विच लाल तारेवर.

साधा पंखा 0.15 अँपिअर आणि ब्लोअर 0.25 धरला तर एकूण 0.55 अँपिअर, म्हणजे पावणेतीन वॅट. 10,000 एमएएच म्हणजे 37 वॅट-तास. गळती वजा जाता दहाएक तास चालायला हरकत नाही. जुनी पॉवर बँक सात-आठ तासांतच मान टाकेल. उलट एकच लहान पंखा लावला तर काही पॉवर बँका ‘काही जोडलेलंच नाही’ असं समजून अर्ध्या मिनिटात बंद पडतात. तेव्हा राक्षसाच्या डोळ्यांत 5 व्होल्टचे एलईडी लावून भार वाढवा. डोळेही चमकतील.

पॉवर बँक हेल्मेटमध्ये ठेवू नका. एक तर मान अवघडते, दुसरं म्हणजे लिथियमची बॅटरी घामाच्या, तापलेल्या जागी डोक्याला टेकून असणं धोक्याचं. ती कमरेच्या पट्ट्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत. वायर मानेमागून खाली आणा आणि डीसी पिन-सॉकेट खांद्यापाशी ठेवा, म्हणजे कुणी ओढलं तर पिन सुटेल, हेल्मेट हिसकलं जाणार नाही. हेल्मेटच्या आत वायरला केबल टायनं एक आधार द्या. तो नसला की सोल्डर उखडतो.

चाचणी उदबत्तीनं करा. कुठे फेविकॉल किंवा डिंक लावला असेल तर तो पूर्ण वाळू द्या, निदान एक दिवस, मग हेल्मेट एखाद्या उभ्या काठीवर टांगून पंखे चालू करा आणि उदबत्ती खालच्या भोकाबाहेर धरा. धूर सरळ आत वळला, काचेवरून चढला आणि टाळूतून बारीक रेघेसारखा बाहेर पडला तर जमलं. तोंडापाशीच घुटमळला तर बाहेरची वाट कमी पडतेय. मानेभोवतीच्या फटीतून परत खाली आला तर तिथं स्पंजची पट्टी लावा, पण फट पूर्ण बुजवू नका. पंखे बंद पडले तरी श्वास घेता आला पाहिजे. पंखे बंद ठेवून पाच मिनिटं हेल्मेट घाला, कुणीतरी समोर बसलेलं असू दे. जीव घुसमटला तर तोंडाच्या जागी आणखी भोकं पाडा आणि काळ्या जाळीनं झाका. देखावा चालू असताना एकजण विंगेत उभा हवाच, आणि हेल्मेट आतल्याला एका हातानं उतरवता आलं पाहिजे.

प्रयोग संपल्यावर पॉवर बँक चार्जिंगला जाण्याआधी पंखे अर्धा तास तसेच चालू ठेवा, आतली गादी सुकते. पात्यांवरचा गुलाल कोरड्या रंगाच्या ब्रशनं झाडायचा. ओल्या फडक्यानं पुसला तर त्याचा चिखल होऊन पंखा जाम होतो.