पूर्वजांच्या अजब गोष्टी शोधताय? निदान या चुका टाळा

"आमचे एक पूर्वज पानिपतावर पडले." हे वाक्य इतक्या घरांत ऐकलंय की त्या साली गावात मागे राहिलं तरी कोण, असा प्रश्न पडतो. पडले असतीलही, पण कागद मागितला की घरातले एकमेकांकडे बघतात.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो सनाचा. आमच्याच घरातलं सांगतो. चुलत पुतण्याला माळ्यावरच्या पेटीत एक मोडी कागद सापडला. जाणकाराने लिप्यंतर करून दिलं आणि समासात 'सु. सन ११६१' अशी टीप घातली. पुतण्याने 'सु.' तेवढं गाळलं. आठ दिवसांत आमचं घराणं शिवजन्माच्याही साडेचारशे वर्षं मागे जाऊन बसलं. कुलसंमेलनासाठी पुस्तिका छापल्या, मुखपृष्ठावर ठळक ११६१. मला दाखवली ती छापून झाल्यावर.

'सु.' म्हणजे सुहूर सन, मराठेशाहीच्या कागदांत चालणारी जुनी कालगणना. इसवी सन काढायचा तर त्यात ५९९ मिळवायचे. हे वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणून ११६१ म्हणजे १७६० च्या मृगापासून पुढच्या मृगापर्यंतचा काळ. मूळ कागदात तो आकडा अक्षरीच होता, 'इहिदे सितैन मया व अलफ': एक, साठ, शंभर आणि हजार. शके असेल तर ७८ मिळवा, वर्षअखेरीच्या पौष-माघ-फाल्गुनात बहुधा ७९. दक्षिणेतल्या फसलीला, म्हणजे शेतसाऱ्याच्या सनाला, ५९०, आणि जानेवारीनंतरचा कागद असेल तर ५९१. माझी सवय अशी की कागदावरचा सन आहे तसा शाईने उतरवायचा आणि आपलं गणित खाली पेन्सिलीने. गणित चुकतं, पेन्सिल खोडता येते.

हे ऐकून पुतण्या खट्टू होईल असं वाटलं होतं. कसला! "काका, १७६१ म्हणजे पानिपतच की!" १४ जानेवारी १७६१ त्या वर्षात बसते हे खरं, पण आपला माणूस तिथे होता हे कागदात कुठे आहे? सन जुळला की गोष्ट जुळवायची, ही दुसरी चूक, आणि ती मला पहिलीपेक्षा जास्त छळते. कागद शेवटपर्यंत वाचायचा धीर कुणालाच नाही.

मग मीच तीन संध्याकाळी बसून लिप्यंतर वाचलं. तो महजर होता, म्हणजे गोतसभेचा, गावकरी आणि वतनदारांच्या सभेचा, लेखी निवाडा. वर 'हाजिर मजालसी'खाली जमलेल्यांची नावं, खाली पाटलाच्या सहीच्या जागी नांगराची निशाणी. भांडण काय, तर दिराने कुलकर्णी वतनाचा निम्मा वाटा दाबला म्हणून त्याची विधवा भावजय गोतापुढे उभी राहिली होती. साक्षी झाल्या, ती जिंकली, आणि वाटा तिने घेतलेल्या दत्तकाच्या नावे झाला. आमच्या छापील वंशावळीत तिच्या नवऱ्यापुढे एकच शब्द आहे, 'निर्वंश'. तिचं नाव नाही, दत्तकाचं नाही, त्याच्यापुढची शाखाही नाही. पुस्तिकेत मात्र हातात तलवार घेतलेल्या कुणाचं तरी चित्र.

आणखी एक नेहमीचा घोटाळा नावांचा. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत, त्यामुळे दोन माणसांचं मिळून एक होतं आणि 'आमचे खापरपणजोबा एकशे दहा वर्षं जगले' ही आख्यायिका जन्माला येते. नाव आणि वडिलांचं नाव एवढ्यावर थांबू नका. बायकोचं नाव, भावांची नावं, हस्ताक्षर, काहीतरी तिसरं जुळलंच पाहिजे.

आडनाव सारखं म्हणून नातं लावू नका. पाटील, कुलकर्णी, देशपांडे हे हुद्दे आहेत.

लग्नात बायकांचं नावही बदलत असे. माहेरचं नाव आजच विचारून ठेवा, सांगणारी माणसं आहेत तोवर.

इनाम जमिनींचे हक्क तपासायला इंग्रजांनी नेमलेल्या इनाम कमिशनपुढे दिलेल्या कैफियती, म्हणजे लेखी हकिकती, जपून वाचा. १८५२ चा कायदा आला आणि इनाम टिकवायचं तर हक्क सिद्ध करणं भाग पडलं. अशा वेळी पूर्वज थोडे मोठे होतात.

'ते हिमालयात गेले, परत आलेच नाहीत' असा एखादा काका बऱ्याच घरांत असतो. तो १९१४ ते १९१८ च्या सुमारास नाहीसा झाला असेल तर आधी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची, म्हणजे महायुद्धांत पडलेल्या सैनिकांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेची, यादी बघा. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, मराठा पलटणी होत्या; तिथलं वेढा पडलेलं कूत शहर २९ एप्रिल १९१६ ला पडलं तेव्हा त्या आत अडकलेल्या होत्या. यादीत कित्येकांपुढे वडिलांचं नाव आणि गावही असतं. फक्त स्पेलिंग इंग्रज कारकुनाचं, तेव्हा गावाचं नाव चार तऱ्हांनी टाकून बघा. दोन मिनिटांत 'सापडलं नाही' म्हणणाऱ्यांनी या नादाला लागू नये.

दुसऱ्याची ऑनलाइन वंशावळ उचलून आपल्याला चिकटवणं याबद्दल मी बोलतच नाही.

आणि नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांची वही (यात्रेला आलेल्या घराण्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी त्यात असतात) बघायला गेलात तर मूळ गाव सांगा, आत्ता राहता ते नव्हे. 'आम्ही पुण्याचे' म्हणून हात हलवत परतलेले मी पाहिलेत. जुना लेख मिळाला की त्याखाली आपलाही लिहायचा असतो. मी गेल्या वेळी घरातल्या सगळ्या बायकांची नावं माहेरच्या नावांसकट लिहिली, आणि वर त्या १७६० च्या भावजयीची ओळही घातली. उपाध्यायांच्या कपाळाला आठी पडली, पण त्यांनी पान उलटून जागा करून दिली.