फ्लॉवर लपवू नका, खरपूस भाजा

भाजी न खाणाऱ्यांसाठी सगळे एकच सल्ला देतात: किसून घाला, वाटून घाला, कळूच देऊ नका. मला तो पटत नाही. एक तर कळतंच. आमच्या धाकट्याला कटलेटमधला बिटाचा बारीकसा कणही जिभेवर सापडतो आणि मग पुढचे दोन आठवडे तो प्रत्येक घास संशयाने उघडून बघतो. शिवाय चोरून पोटात गेलेल्या भाजीशी ओळख होत नाही. ती उघडपणे ताटात आली की रडगाणं पुन्हा पहिल्यापासून.

आमच्या घरी रात्रीचा स्वयंपाक माझ्याकडे असतो. खाणारे पाच, त्यातले तीन नखरेल. मुलगी हिरवं खात नाही, धाकट्याला मऊ चालत नाही आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, ढोबळी मिरचीचे तुकडे ताटाच्या कडेला ओळीने लावून ठेवतात. मुलांना रागावता तरी येतं. अण्णांना काय बोलणार? या तिघांच्या तक्रारी मात्र ऐकण्यासारख्या असतात. ‘गिचगिचीत झालंय’, ‘बुळबुळीत लागतं’, ‘वास येतोय’, ‘तोंडात चोथा राहतो’. चवीबद्दल फारसं कोणी बोलत नाही. भांडण आहे ते पोताशी आणि वासाशी, आणि या दोन्ही गोष्टी रांधणाऱ्याच्या हातात असतात.

कडूपणाचं मात्र थोडं वेगळं आहे. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली या घराण्यातल्या भाज्यांमध्ये गंधकयुक्त द्रव्यं असतात. त्यांतल्या काहींचा कडूपणा किती जाणवतो ते माणसागणिक बदलतं आणि त्यात जनुकांचाही हात असतो. म्हणून ‘कडू लागतं’ म्हणणारं पोर नाटक करतंय असं धरून चालू नका. कडूपणावर स्वयंपाकघरातलं सर्वांत स्वस्त औषध मीठ आहे, ते कडू चव दाबतं. त्याच्या जोडीला लोणी-तेलासारखा स्निग्धपणा आणि भाजल्यावर येणारा गोडवा.

हे सगळं एकाच भांड्यात जमवणारा आमचा पदार्थ म्हणजे फ्लॉवर घातलेला भाजका पास्ता. पाच जणांसाठी मध्यम आकाराचा 1 फ्लॉवर, 3 गाजरं, 1 मोठा कांदा, लसणाच्या 6 पाकळ्या, 1 किलो पिकलेले टोमॅटो, 350 ग्रॅम पेनेसारखा आखूड नळीचा पास्ता, 40 ग्रॅम लोणी, 40 ग्रॅम मैदा, अर्धा लिटर दूध आणि 150 ग्रॅम किसलेलं चीज लागतं. तेल, मीठ, मिरपूड ओघाने आलंच. वेळ सुमारे दीड तास धरा, पण त्यातला बराचसा वेळ चूल आणि ओव्हन काम करतात.

सुरुवात फ्लॉवरपासून, कारण सगळा खेळ त्याच्यावर आहे. तुरे एका घासात मावतील एवढे करा. प्रत्येक तुऱ्याला सुरीने एक तरी सपाट बाजू द्या, कारण तांबूस रंग तिथेच धरतो. धुतल्यावर फडक्याने अगदी कोरडे करा. इथे घाई करू नका. भाजीवर पाणी आहे तोवर तिचा पृष्ठभाग 100 अंशांच्या फारसा वर जात नाही, आणि खरपूस रंग व चव यायला साधारण 140 अंशांच्या पुढे जावं लागतं. ओला फ्लॉवर भाजला जात नाही, वाफवला जातो. तो फार वेळ वाफेत किंवा पाण्यात राहिला की गंधकाचा तो वास सुटतो, ज्याने मुलं दारातूनच ‘आज काय केलंय?’ असं शंकेच्या सुरात विचारतात.

कोरड्या तुऱ्यांना दोन-तीन मोठे चमचे तेल आणि मीठ चोळा, सपाट बाजू खाली ठेवून ट्रेमध्ये एका थरात पसरा. तुऱ्यांमध्ये जागा हवी. दाटीवाटी झाली तर दोन ट्रे घ्या. आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये 220 अंशांवर 25 ते 30 मिनिटं, मध्ये एकदा उलटून. कडा गडद तपकिरी होईपर्यंत थांबा. ‘करपेल की काय’ असं वाटायला लागतं तेव्हा बहुधा तो जेमतेम होत आलेला असतो. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या पसरट कढईत, मोठ्या आचेवर, दोन-तीन वेळा विभागून परता. झाकण ठेवू नका आणि सारखं हलवू नका. या टप्प्यावर पाच-सहा तुरे बाजूला काढून ओट्यावर उघडे ठेवा, कोणालाही हाक मारू नका. आमच्याकडे ते जेवणाआधी गायब होतात आणि मी विचारतही नाही.

फ्लॉवर आत असतानाच सॉस लावा. कांदा आणि गाजर अगदी बारीक चिरून तेलात मंद आचेवर दहा-बारा मिनिटं परता, गाजर गोडसर लागायला हवं. मग चिरलेला लसूण, मिनिटभराने चिरलेले टोमॅटो आणि मीठ. झाकण न ठेवता 35-40 मिनिटं आटवा. चमचा ओढल्यावर तळाला क्षणभर वाट दिसली की झालं. गाजराचा आंबटपणावर चांगला उतारा होतो, त्यामुळे साखर लागत नाही. गाजराचे तुकडे दिसतात, दिसू द्या. कोणी विचारलं तर गाजर आहे म्हणून सांगा.

पांढऱ्या सॉसचा बाऊ करू नका. लोणी वितळवून त्यात मैदा दोन मिनिटं मंद आचेवर परता, रंग बदलू देऊ नका, मग दूध थोडं थोडं घालत घोटत राहा. पहिल्या घोटभर दुधाला गोळा होतो, घाबरू नका, पुढच्या दुधाने तो सैल होतो. चमच्याला धरेल इतका दाट झाला की उतरवून मीठ, मिरपूड आणि अर्धं चीज घाला. पास्ता पाकिटावरच्या वेळेपेक्षा दोन मिनिटं कमी उकडा. पुढे तो सॉस पिऊन फुगणार असतो, आणि आधीच पूर्ण शिजला असेल तर शेवटी लगदा होतो.

आता रचना. पास्ता टोमॅटोच्या सॉसमध्ये मिसळून पसरट भांड्यात ओता, वर फ्लॉवर पसरा, त्यावर पांढरा सॉस आणि उरलेलं चीज. काही तुऱ्यांची डोकी सॉसच्या बाहेर राहू द्या, म्हणजे ती कुरकुरीत होतात. धाकटा तीच आधी पळवतो. 200 अंशांवर 20 मिनिटं, वर सोनेरी डाग येईपर्यंत. बाहेर काढल्यावर दहा मिनिटं धीर धरा, नाहीतर पास्ता एकीकडे आणि सॉस दुसरीकडे पळतो.

मुलीसाठी मटार वेगळ्या वाडग्यात. उकळत्या खारट पाण्यात दोन मिनिटं, निथळून वर थोडं लोणी, बस. मिसळले तर ती सगळं ताट नाकारते. वेगळे ठेवले तर कधी चार घेते, कधी एकही नाही.

वाढण्याबद्दल माझं मत ठाम आहे. भांडं मधोमध ठेवा आणि ज्याचं त्याला घेऊ द्या. काय रांधायचं आणि किती वाजता जेवायचं हे मोठ्यांनी ठरवावं, किती खायचं हे खाणाऱ्याने. ‘एवढं संपव, मग आइस्क्रीम’ म्हणालात की भाजी शिक्षा ठरते आणि आइस्क्रीमचा भाव आणखी वधारतो. खाल्लं तरी टाळ्या वाजवू नका. दोन ते सहा वर्षांच्या मुलांत अनोळखी खाण्याची धास्ती सर्वांत जास्त असते. नवी चव रुजायला आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही ती समोर यावी लागते. म्हणजे पहिल्या तीन वेळा तुरे ताटात तसेच राहिले तर पाककृती बदलू नका. आणि पाच-सहा वाजता बिस्किटांचा डबा उघडू नका. भूक नसेल तर कितीही खरपूस फ्लॉवर उपयोगाचा नाही.

अण्णांनी या पदार्थाचं कौतुक अजून केलेलं नाही, पण ताटाची कड रिकामी असते. ढोबळी मिरची मी यात घालत नाही, तेवढी तडजोड आहे.

उरलंच तर झाकून फ्रीजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी वड्या कापून थोड्या तेलावर दोन्ही बाजूंनी परता. पालटण्याआधी खालचा थर तव्यावरून आपोआप सुटेपर्यंत थांबा, नाहीतर खरवडत बसावं लागतं.