जिओसर्व्हरवरील नकाशांना कुलूप कसे लावावे

जिओसर्व्हर (नकाशे आणि भौगोलिक डेटा इंटरनेटवरून पुरवणारे सॉफ्टवेअर) नव्याने बसवला की त्याचे प्रशासकीय खाते ‘ॲडमिन’ या नावाने आणि ‘जिओसर्व्हर’ या पासवर्डने उघडते, आणि हे साऱ्या जगाला ठाऊक आहे. तेव्हा सर्व्हर इंटरनेटला जोडण्याआधी हा पासवर्ड बदलावा. मात्र एवढ्यावर काम संपले असे समजू नये. या पासवर्डने केवळ व्यवस्थापनाचे दार बंद होते. नकाशे आणि त्यांमागचा डेटा डब्ल्यूएमएस (नकाशाची चित्रे देणारी) व डब्ल्यूएफएस (मूळ डेटा देणारी) या सेवांतून बाहेर जातो, आणि मूळ नियमांनुसार तो लॉगिन न करता कोणालाही वाचता येतो.

‘सिक्युरिटी’ विभागात प्रथम कामानुसार रोल, म्हणजे परवानग्या जोडण्यासाठीच्या भूमिका, तयार करावेत, ते गटांना द्यावेत आणि मगच वापरकर्त्यांना गटांत घालावे; व्यक्तीगणिक परवानग्या वाटत बसल्यास माणसे बदलताच गोंधळ होतो. पासवर्ड साठवण्यासाठी ‘डायजेस्ट’ पद्धत निवडावी, कारण तिच्यातून मूळ पासवर्ड परत काढता येत नाही. बेसिक ऑथेंटिकेशन या लॉगिनच्या साध्या पद्धतीत पासवर्ड प्रत्येक विनंतीसोबत जवळजवळ उघडाच जात असल्याने सर्व्हरपुढे एनजिनेक्स किंवा अपाचे हा वेब सर्व्हर ठेवून एचटीटीपीएस, म्हणजे सांकेतिक रूपातील जोडणी, सक्तीचे करावे. त्यानंतर व्यवस्थापनातील फॉर्म नाकारले जाऊ लागले, तर सीएसआरएफ संरक्षण (परक्या संकेतस्थळावरून आलेल्या बनावट विनंत्या अडवणारे) बंद न करता आपले डोमेन त्याच्या परवानगी-यादीत घालावे.

खरे कुलूप ‘सिक्युरिटी’ विभागातील ‘डेटा’ या पानावर आहे. समजा, पाणीपुरवठ्याच्या वर्कस्पेसमध्ये (संबंधित लेयरच्या गटात) जलवाहिन्यांचा लेयर, म्हणजे नकाशाचा एक थर, आहे आणि तो फक्त अभियंत्यांनी पाहावा असे वाटते. त्या लेयरसाठी वाचनाचा नियम करून तो अभियंत्यांच्या रोलला द्यावा; विशिष्ट लेयरचा नियम सर्वसाधारण नियमावर मात करतो, त्यामुळे बाकीचे लेयर खुले ठेवता येतात. त्याच पानावर तीन पर्याय दिसतात. ‘हाइड’मध्ये परवानगी नसलेल्याला तो लेयर अस्तित्वातच नसल्यासारखा वाटतो. ‘चॅलेंज’मध्ये लेयरची नोंद यादीत सर्वांना दिसते, पण डेटा मागितल्यास पासवर्ड विचारला जातो. ‘मिक्स्ड’मध्ये यादीतून लेयर गाळला जातो आणि थेट मागणी केल्यासच पासवर्डची विचारणा होते. लेयरचे नाव उघड होणेही नको असेल, तर ‘हाइड’च ठेवावा.

ज्यांवरील डेटा बाहेरून बदलण्याची गरज नाही अशा सर्व्हरवर डब्ल्यूएफएसची पातळी ‘बेसिक’ ठेवावी, म्हणजे बाहेरून डेटा बदलण्याची क्रियाच उपलब्ध राहत नाही.

हमखास विसरली जाणारी जागा म्हणजे टाइलची, अर्थात नकाशाच्या तयार चौकोनी तुकड्यांची, साठवण. लेयरवर नियम लावला तरी जिओवेबकॅश या साठवणीच्या भागात आधी तयार झालेल्या टाइल परवानगी न तपासता दिल्या जाऊ शकतात, म्हणून ‘कॅशिंग डिफॉल्ट्स’मध्ये डेटा सिक्युरिटीचा पर्याय सुरू करावा.

हे सारे नियम जुन्या आवृत्तीवर व्यर्थ ठरतात. २०२४ साली उघड झालेल्या सीव्हीई-२०२४-३६४०१ या त्रुटीमुळे लॉगिनशिवायच सर्व्हरवर परका कोड चालवता येत होता, ती २.२३.६, २.२४.४ आणि २.२५.२ या आवृत्त्यांत दुरुस्त झाली. शेवटी ब्राउझरच्या खासगी खिडकीतून, लॉगिन न करता, डब्ल्यूएमएसची क्षमता-यादी (उपलब्ध लेयरची सूची), डब्ल्यूएफएसमधील डेटा आणि एखादी टाइल अशा तिन्ही गोष्टी स्वतः मागून पाहाव्यात.