फुकटात अ‍ॅनालॉग चिप: सुरुवात करंट मिररपासून करा

अ‍ॅनालॉग चिप डिझाइन शिकायचंय म्हणणारा जो तो सरळ ऑप-अ‍ॅम्पला (सिग्नल मोठा करणारं, बऱ्याच ट्रान्झिस्टरचं सर्किट) हात घालतो आणि आठवड्याभरात वैतागून सोडून देतो. माझं ऐका, आधी दोन ट्रान्झिस्टरचा साधा करंट मिरर (एका बाजूचा करंट दुसऱ्या बाजूला तसाच उतरवणारं सर्किट) घ्या, पण तो स्कीमॅटिकपासून (सर्किटची आकृती) लेआउटपर्यंत (चिपवरचा नकाशा) आणि तिथून परत सिम्युलेशनपर्यंत पूर्ण न्या.

खर्च शून्य. स्कायवॉटर फाउंड्रीचं १३० नॅनोमीटरचं पीडीके, म्हणजे ट्रान्झिस्टरची मॉडेल्स आणि लेआउटचे नियम, गूगलच्या साथीने २०२० मध्ये सगळ्यांना खुलं झालं, त्यालाच स्काय१३० म्हणतात. एक्सस्कीममध्ये स्कीमॅटिक, एनजीस्पाइसमध्ये सिम्युलेशन, मॅजिकमध्ये लेआउट, नेटजेनमध्ये एलव्हीएस, म्हणजे लेआउट स्कीमॅटिकशी जुळतो का ही तपासणी. एकेक टूल इन्स्टॉल करत बसू नका, माझे दोन रविवार त्यातच गेले, आयआयसी-ओसिक-टूल्स नावाची डॉकर इमेज घ्या त्यात सगळं तयार असतं. फक्त ती कित्येक जीबीची आहे, डोंबिवली फास्टमध्ये हॉटस्पॉट लावून उतरवायला जाल तर मधेच बोंब. डॉकर झेपत नसेल तर आपल्या पवईच्या आयआयटीतल्या फॉसी या ओपन-सोर्स प्रकल्पाचं ई-सिम आहे, आतून एनजीस्पाइसच, सिम्युलेशनचा हात बसवायला बरंय.

आता सगळ्यांचं डोकं फिरवणारी गोष्ट. १.८ व्होल्टचा एनफेट (एन प्रकारचा ट्रान्झिस्टर) घ्या, रुंदी ५, लांबी १. नुसते आकडे, पुढे मायक्रोचा यू लावायचा नाही! लायब्ररी स्वतःच मायक्रॉन धरते, तुम्ही यू लावलात की तुमचा ट्रान्झिस्टर अजून दहा लाख पटीने लहान होतो आणि एनजीस्पाइस म्हणतं व्हॅलिड मॉडेलच सापडत नाही. मी त्यापायी पीडीके दोनदा काढून परत टाकलं, चूक एका अक्षराची.

एका बाजूला १० मायक्रोअ‍ॅम्पिअर द्या, दुसऱ्या बाजूचा व्होल्टेज ० ते १.८ फिरवा, मग लांबी ०.१५ करून तेच बघा. त्या बाजूच्या करंटची सपाट रेघ चढायला लागते ना? म्हणून मिररमध्ये सगळ्यात छोटी लांबी वापरत नाहीत. टीटी कॉर्नरवर (सरासरी ट्रान्झिस्टर) खूश होऊ नका, एसएस (मंद) आणि एफएफ (वेगवान) पण चालवा.

लेआउटला ए आणि बी या दोन्ही ट्रान्झिस्टरचे २.५ रुंदीचे दोन-दोन तुकडे करा (स्कीमॅटिकमध्येही तसेच लिहा) आणि ए-बी-बी-ए असे लावा, कारण चिपच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रोसेस थोडी सरकत जाते, असं लावलं की तो फरक दोघांना सारखा वाटला जातो. कडेला डमी (नुसते शोभेचे ट्रान्झिस्टर) ठेवा. डीआरसी, म्हणजे लेआउटचे नियम कुठे मोडले ते, मॅजिक काढतानाच दाखवत राहतं, त्याचं टेन्शन नाही. एलव्हीएस मात्र रडवतं आणि बहुतेक वेळा कारण फालतू असतं, सबस्ट्रेटचा (चिपच्या खालच्या सिलिकॉनचा) टॅप, म्हणजे जोडणी, विसरलेला किंवा लेबल दिलं पण त्याला पोर्ट (बाहेरची पिन) केलंच नाही.

जुळलं की पॅरासिटिक कपॅसिटन्स (लेआउटमधल्या तारांमुळे आपोआप येणारा) मोजून काढून परत सिम्युलेट करा. डीसीत काही फरक दिसणार नाही, करंटला स्टेप देऊन सेटल व्हायला किती वेळ लागतो ते बघा.

मिक्स्ड-सिग्नल (अ‍ॅनालॉग आणि डिजिटल एकत्र) त्यानंतर, एक कंपॅरेटर (दोन व्होल्टेजमधला मोठा कोणता ते सांगणारा) आणि त्यामागे व्हेरिलॉग या डिजिटल सर्किटच्या भाषेत लिहिलेला छोटा काउंटर एवढंच. डिजिटलचा ग्राउंड वेगळा आणा आणि कंपॅरेटरभोवती गार्ड रिंग (टॅपचं कडं) टाका, नाहीतर क्लॉकचा गोंगाट सबस्ट्रेटमधून थेट इनपुटवर येतो.