प्रथिनं किती पचली? प्रयोगशाळेत मोजताना या चुका टाळा

मिसळीची मटकी असो वा म्हशीचं दूध, कोल्हापुरात पचनाच्या प्रयोगाला नमुन्यांची वानवा नाही. चुका मात्र ठरलेल्या. इथे इन्फोजेस्ट, म्हणजे प्रयोगशाळेत पचनाची नक्कल करायची आंतरराष्ट्रीय पद्धत, धरली आहे: 37 अंश सेल्सियसला तोंडाचा टप्पा 2 मिनिटं (पीएच 7), जठराचा 2 तास (पीएच 3), लहान आतड्याचा 2 तास (पीएच 7).

पेप्सिन (जठरातलं प्रथिन तोडणारं एन्झाइम) मिलिग्रॅमच्या हिशोबाने टाकणं. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. 5 ग्रॅम उसळ, 5 मिली कृत्रिम लाळ, त्यावर 10 मिली जठररस, एकूण 20 मिली. मिलीला 2000 युनिट (एन्झाइमच्या ताकदीचं माप) म्हणजे 40,000 युनिट हवीत. बाटलीवर ‘मिलिग्रॅमला 2500’ वाचून 16 मिलिग्रॅम टाकलं जातं. पावसाळ्याच्या दमट हवेत उघडझाप झालेल्या बाटलीची ताकद 1000 वर उतरली असेल, तर मिलीला जेमतेम 800 युनिट पडतात. मटकी पचत नाही आणि अहवालात ‘मटकीचं प्रथिन पचायला जड’ असं छापून येतं! शिवाय प्रत्येक कंपनीची युनिटची व्याख्या एकच असेल असंही नाही. म्हणून नवी बाटली फोडली की आधी पेप्सिन हिमोग्लोबिन किती तोडतं याची तपासणी, मगच प्रयोग. ही पायरी गाळण्याची घाई अक्षम्य आहे. आतड्याच्या टप्प्यातलं पॅनक्रिअॅटिन (स्वादुपिंडाच्या एन्झाइमांचं मिश्रण) त्यातल्या ट्रिप्सिन या प्रथिन तोडणाऱ्या एन्झाइमच्या ताकदीवर मोजा, शेवटच्या मिश्रणात मिलीला 100 युनिट.

ब्लँक, म्हणजे अन्नाविना तुलनेचा प्रयोग, न लावणं. पॅनक्रिअॅटिन स्वतःच प्रथिन आहे आणि ते स्वतःलाही तोडतं. प्रथिन तुटल्यावर मोकळे होणारे अमिनो गट मोजणारी ओपीए चाचणी त्याचे गटही तुमच्या मटकीच्या खात्यावर जमा करते. अन्नाऐवजी पाणी घालून तेच सगळे टप्पे चालवा आणि वजा करा. शून्य मिनिटाचा, म्हणजे पचन सुरू होण्याआधीचा, नमुनाही हवाच.

नमुना नुसता फ्रिजमध्ये ठेवणं. पचन मंदावतं, थांबत नाही. पेप्सिन पीएच 7 वर नेऊन थांबवा. आतड्याच्या टप्प्यात आधी प्रोटिएज इनहिबिटर (प्रथिन तोडणारी एन्झाइम रोखणारं रसायन), मग गोठवणं. नुसतं गोठवलं तर वितळताना एन्झाइम पुन्हा कामाला लागतात.

कॅल्शियम क्लोराइड कृत्रिम पाचकरसांच्या साठ्याच्या द्रावणात घालू नका, साका बसतो; ऐनवेळी घाला. उसळ मिक्सरमध्ये गंधासारखी वाटू नका, दातांनी तेवढं बारीक होत नाही.

पूर्ण मिसळ घेतली तर फरसाणातलं बेसन आणि पावातला गहू यांच्या प्रथिनांचंही नायट्रोजन मोजलं जातं. आकडा मटकीचा हवा असेल तर उसळच घ्या.