स्टेम सेलसाठी पैसे भरण्याआधी

दादाचं लिव्हर निकामी होत चाललं होतं, तेव्हा एका क्लिनिकने स्टेम सेलचं, म्हणजे नव्या पेशी तयार करू शकणाऱ्या मूळ पेशींच्या उपचाराचं, नाव काढलं. आम्ही पैसे भरायला निघालोच होतो. तुमच्यावर ती वेळ आली, तर आधी लिव्हरच्या डॉक्टरांना मेल्ड स्कोअर विचारा. बिलिरुबिन, क्रिएटिनिन, आयएनआर अशा रक्ततपासण्यांवरून तो काढतात, 6 ते 40 पर्यंत. आकडा जितका मोठा, तितका धोका जवळ. 15 च्या आसपास पोचला की प्रत्यारोपणाचं विचारायला थांबू नका. आम्ही थांबलो, ते महिने हातचे गेले.

मग क्लिनिकला विचारा: हा उपचार संशोधनाच्या चाचणीत देताय, तर ती चाचणी नोंदवलेली आहे का? एथिक्स कमिटीची मंजुरी कुठाय? पेशी कुणाच्या, शरीरात कुठून सोडणार? उत्तरं लेखी मिळत नसतील तर सरळ उठा. ब्रिटनमध्ये सिरोसिसच्या, म्हणजे लिव्हरवर वण पडून ते कडक झालेल्या, 81 रुग्णांवर झालेली एक चाचणी 2018 साली प्रसिद्ध झाली. त्यात काही रुग्णांना त्यांच्याच स्टेम सेल देऊनही यकृताचं काम सुधारलं नाही. संशोधन चालू आहे, मलाही आशा आहे. पण ते अजून संशोधनच आहे.

घरी एक वही ठेवा. दादा रोज सकाळी तिच्यात सही करायचा. एके दिवशी सही ओळीखाली घसरली, शेवटचं अक्षर त्याने दोनदा काढलं. यकृताने गाळायची विषारी द्रव्यं मेंदूपर्यंत पोचली होती. अशी सही दिसली, की ‘दमलाय, झोपू दे’ म्हणू नका. लगेच दवाखाना गाठा.